दुसऱ्या कडव्यातला चौथा ठोका

माझे नाव या ठाण्याच्या तक्रारवहीत अकरा वेळा आले आहे, ते तिथून उतरवून घ्यावे. वय ६८. न्यायालयातील लघुलेखिका, आता निवृत्त. राहणार पाण्याच्या टाकीमागची इमारत, दुसरा मजला, खोली नऊ. समक्ष हजर राहून सांगते ते असे. दर ओळीत ‘सदर’ घालू नये, असे मी लिहून घेणाऱ्या हवालदारांना आधीच बजावले आहे.

शेजारच्या खोली दहामध्ये आठ वर्षांपासून तिघांचा बँड सराव करतो. गिटार वाजवून गाणारी मुलगी शिवणयंत्रे दुरुस्त करते. ड्रमवाला दातांचा डॉक्टर आहे. माझी दाढ त्यानेच काढली. बेस गिटार वाजवणाऱ्याला सगळे लांब्या म्हणतात, तो शाळेची बस चालवतो. सराव दुपारी दोन ते चार, म्हणजे बरोबर माझ्या झोपेच्या वेळी. या प्रकाराला ब्लूज रॉक म्हणतात. त्यात माणूस आपले दुःख भिंत हलेल इतक्या मोठ्याने सांगतो आणि सांगून झाल्यावर खूश दिसतो.

त्यांना कोणत्याही कंपनीने घेतले नाही. तीन अल्बम त्यांनी त्याच खोलीत रेकॉर्ड केले आणि लांब्याच्या बसमधून विकले. फर्निचरच्या दुकानाचे उद्घाटन, कॉलेजचे पटांगण, एकदा दंतवैद्यांचे संमेलन, मिळेल तिथे वाजवले. आज संध्याकाळी सहाला नगर सभागृहात त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम आहे. त्यांची वाद्ये मात्र कालपासून या ठाण्यात जप्त आहेत. एका मोठ्या संगीत कंपनीची तक्रार अशी, की बँडचे सगळ्यात गाजलेले गाणे कंपनीच्या संगीतकाराने दोन वर्षांपूर्वी रचले आणि या तिघांनी ते चोरले.

आज सकाळी दहा वाजता तिघे माझ्या दारात आले. ड्रमवाला म्हणाला, “काकू, सहा वर्षांपूर्वीच्या नऊ मार्चची तुमची तक्रार सापडेल का?” मी म्हटले, “सापडेल का म्हणजे? सगळ्या नकला फाईलला आहेत.” मुलगी म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही भिंतीवर ठोकत होतात ना, तेव्हा आमचं रेकॉर्डिंग चालू होतं. ठोके इतके झकास पडले, की आम्ही ते त्याच गाण्यात तसेच ठेवले. आमच्या अल्बमवर तारीख नाही, तुमच्या तक्रारीवर आहे.” हे मला आजच कळले. त्यांचे अल्बम मी विकत घेतलेले नाहीत. भिंतीतून ऐकू येतात.

मग लांब्याने विचारले, “काकू, प्रत्येक कडव्यात चार ठोके, आणि दुसऱ्यात तीनच. चौथा का नाही मारलात? सहा वर्षं भांडतोय आम्ही. ही म्हणते, काकूंना आतून जाणवलं असणार.”

मी सांगितले, “दूध उतू गेलं.”

तिघे जिन्यातच बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी हसले नाही. दार लावून घेतले आणि आत थोडा वेळ थांबले.

त्या तक्रारीची नक्कल ठाण्याच्या शिक्क्यासह हजर केली आहे. तिसरा परिच्छेद असा: “मी लाटण्याने चार-चार ठोके देऊन समज दिली. दुसऱ्या खेपेस दूध उतू गेल्याने चौथा ठोका राहिला. तिसऱ्या खेपेस जोरात मारले. उपयोग झाला नाही.”

माझ्यासमोर हवालदारांनी कंपनीचे गाणे मोबाईलवर लावले. दुसऱ्या कडव्यात तीनच ठोके आहेत. हजर असलेले संगीतकार म्हणाले, “तो विराम आम्ही विचारपूर्वक ठेवलाय.” मी विचारले, “दूध तुमचंही उतू गेलं होतं का?” त्यावर ते पाणी प्यायला बाहेर गेले. अद्याप आलेले नाहीत.

खात्रीसाठी बँडचे गाणे लावून मला टेबलावर ठोकून दाखवण्यास सांगण्यात आले. लाटणे बरोबर आणले होते. पहिल्या कडव्याला हवालदारांनी स्टेपलरवर ताल धरला. दुसऱ्याला पासपोर्टच्या कामासाठी आलेले दोघे टाळ्या वाजवू लागले. शाईचा पॅड खाली पडला. साहेब केबिनमधून ओरडत आले, “काय तमाशा लावलाय?” नेमकी तेव्हाच चौथ्या ठोक्याची जागा आली आणि सगळे ठाणे श्वास रोखून गप्प झाले. साहेबही. पुढच्या ओळीला त्यांनीच दाराच्या चौकटीवर ताल धरला. मग वाद्ये सोडण्याच्या कागदावर सही केली.

शेवटची तक्रार चार वर्षांपूर्वीची आहे. त्यानंतर तक्रार का केली नाही, असे विचारल्यावरून सांगते, की दुपारी पलीकडे वाजले नाही तर मला झोप लागत नाही.

लाटणे मुद्देमालात घेऊ नये. संध्याकाळी सहाला सभागृहात लागणार आहे. आज घरी दूध तापत ठेवणार नाही. तरी दुसऱ्या कडव्यात चौथा ठोका मारणार नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. शुद्धलेखनाच्या सात चुका मी स्वतः दुरुस्त केल्या. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आणि खरा आहे.