विनंती मान्य

दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत एक मावशी आणि त्यांची भाची नवा फोन उघडून बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत एक अनोळखी तरुणी पुस्तक घेऊन बसली होती. तिच्या आईला जाऊन महिना झाला होता आणि महिनाभर पान काही पुढे सरकत नव्हतं.

“बोल मावशी, कुणाकुणाला फॉलो करायचं?”

“अगं बाई! हे तर तुझे काका!”

“त्यांचं जुनं खातं असेल. वर्ष झालं ना जाऊन? राहू दे.”

“जन्मभर यांच्याच मागे चालले, आता इथेही तेच! बरं, दाब.”

“दाबलं. पण खातं खासगी आहे, नुसती विनंती गेली. ती आता कोण मान्य करणार?”

“केली की! हे बघ.”

“काय? अंगावर काटा आला माझ्या.”

“आयुष्यात पहिल्यांदा माझं लगेच मान्य केलं यांनी.”

“थट्टा पुरे, मावशी. काकांचा फोन आहे कुणाकडे?”

“धाकट्याकडे. भांडून घर सोडलं, तेव्हा घेऊन गेला. तेव्हापासून माझ्याशी चकार शब्द नाही त्याचा.”

“थांब, मेसेज आलाय.”

“तूच वाच.”

“‘आई, जेवलीस का?’”