आठव्या पवित्र्याबाबत पुरवणी जबाब

मी, श्रीमती कांता कोंडीराम पाष्टे, वय ६१ वर्षे, काम - व्यायाम मंडळाच्या वाचनालयात पुस्तके देणे-घेणे, शिक्षण - शाळेत गेले नाही, मराठी वाचता-लिहिता येते, राहणार बी. डी. डी. चाळ, नायगाव, इमारत पाडल्यामुळे सध्या परळ गावात भाड्याने. आज दि. १३ मे २०२५ रोजी सकाळी साडेअकरा वाजता पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

माझे पती कोंडीराम हे दि. ९ मार्च रोजी वारले. त्या दिवशी घेतलेल्या जबाबावर माझी सही आहे, पण उत्तरे माझा पुतण्या दत्ताराम याने दिली होती. त्यात "फोटो काढून झाल्यावर चहा पिताना अचानक पडले" असे लिहिले आहे. ते मी आज प्रथमच वाचले. तसे घडलेले नाही. दत्ताराम तेव्हा बाहेर चहा आणायला गेला होता. त्याला स्वप्नील घाग याने जे सांगितले तेच त्याने सांगितले.

माझे पती मंडळाच्या पटांगणात एकतीस वर्षे मुलांना लाठी शिकवत. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. स्वप्नील नवव्या वर्षापासून त्यांच्याकडे शिकला. आता तो फोटोग्राफर आहे, दादरला त्याचा स्टुडिओ आहे. लहानपणी तो रात्रीचा आमच्याकडेच जेवत असे.

जानेवारीत पतींच्या छातीत दोन स्टेंट घातले. स्वप्नील शहाळी घेऊन भेटायला आला होता. डॉक्टरांचा कागद इंग्रजीत असल्यामुळे त्यानेच तो मला वाचून दाखवला. सहा महिने लाठी फिरवायची नाही, असे त्यात होते.

मार्चच्या सुरुवातीला तो पुन्हा घरी आला. मंडळाला पन्नास वर्षे झाली म्हणून प्रदर्शन होते. लाठीच्या दोन्ही टोकांना बारीक दिवे बांधायचे, अंधारात फिरवायची आणि कॅमेरा दहा सेकंद उघडा ठेवायचा, असे त्याने सांगितले. तो म्हणाला, "काकी, जो हलतो तो दिसतच नाही. नुसती उजेडाची रेघ राहते. शेवटी फ्लॅश मारला की माणूस उमटतो. असे आठ पवित्रे घेऊन आठ वस्ताद एकाच फोटोत बसवणार."

पती म्हणाले, "हिची एक सांभाळताना पुरेवाट होते. आठ कशाला रे?"

मी डॉक्टरांचे सांगितले. स्वप्नील म्हणाला, "काकी, दहा सेकंदांचं तर काम आहे."

९ मार्चला रविवारी सकाळी सव्वादहा वाजता मंडळाच्या हॉलमध्ये काम सुरू झाले. खिडक्यांना काळे कापड लावले होते. आत आम्ही तिघेच होतो. मला काम दिले होते ते मोजण्याचे. एक ते दहा मोठ्याने म्हणायचे, दहाला पतींनी ठरलेल्या पवित्र्यात थांबायचे, तेव्हा फ्लॅश पडणार. मध्ये दिवा लावायचा नाही, जागेवरून हलायचे नाही, नाहीतर फोटो वाया जाईल, असे स्वप्नीलने मला दोनदा बजावले.

एकेका पवित्र्याचे अनेक फोटो झाले. "वस्ताद, पाय हलला." "वस्ताद, रेघ तुटली. एकच, लास्ट." पती म्हणाले, "तुझ्या लास्टला शेपटी फुटते की रे दरवेळी." नंतर नंतर ते बोलेनासे झाले. मी विचारले, "अहो, बसता का जरा?" ते म्हणाले, "उरकू दे." मी म्हणाले, "बरं, एवढा करून टाका." हे माझे वाक्य आहे, ते लिहावे.

शेवटचा पवित्रा सलामीचा होता. दिवा बंद केला. मी मोजायला लागले. सातला दोन्ही दिवे खाली आले आणि जमिनीलगत थांबले. अंधारात दिव्यांशिवाय काही दिसत नव्हते. मी आठ, नऊ, दहा म्हटले. फ्लॅश पडला. पती गुडघ्यांवर होते. स्वप्नीलने आधी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिले. दिवा मी लावला. तेव्हा एक वाजायला दहा मिनिटे होती. दत्तारामने टॅक्सी आणली. रुग्णालयात दाखल करण्यापूर्वीच ते गेले असे सांगण्यात आले. चहा कोणीही प्यायला नव्हता.

दि. १ मे रोजी दादरला प्रदर्शनात मी तो फोटो पाहिला. आठ फूट रुंद आहे. सोनेरी रेघांमध्ये माझे पती आठ वेळा उभे आहेत. म्हणजे सात वेळा उभे आहेत. आठवे गुडघ्यांवर आहेत. खाली "अखेरचे वंदन" असे लिहिले आहे. लोक डोळे पुसत होते. पतींच्या हाताखाली शिकलेली मुले त्यापुढे उभी राहून सेल्फी काढत होती.

आमच्या लाठीत गुडघ्यावर बसून वंदन नाही. सलामी उभ्याने देतात, लाठी कपाळाला लावून. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. प्रदर्शनात हे माहीत असलेली चाळीस तरी माणसे होती.

मी स्वप्नीलला विचारले, "हा आठवा कुठला रे?" तो म्हणाला, "काकी, किती शांत दिसतायत ना." मी पुन्हा विचारले. तो म्हणाला, "काकी, आता इथे नको ना."

त्यानंतर मी अर्ज दिल्यावर पोलिसांनी त्याच्याकडून वापरलेले आठ मूळ फोटो मागवले. ते आज मला संगणकावर दाखवले. आठव्यात पतींचा डावा हात छातीवर आहे. प्रदर्शनातल्या फोटोत तो हात नाही, तिथे सोनेरी रेघ आहे. यावरून फोटो तयार करताना त्याने तो हात पाहिला होता, असे माझे म्हणणे आहे. तसेच पहिल्या मूळ फोटोचा क्रमांक ३१०७ व आठव्याचा ३१३९ आहे. स्वप्नीलने पोलिसांना दहा-बारा फोटो काढल्याचे सांगितले आहे. मधले आकडे कोणीही मोजावेत.

विचारल्यावरून सांगते की, माझे त्याच्याशी वैर नाही. फोटो उतरवावा की नाही हे मंडळाने ठरवावे. माझे पती चहा पिताना गेले नाहीत, लाठी हातात असताना गेले, एवढे कागदावर यावे.

अंमलदार मेघना मॅडम म्हणाल्या, "मावशी, सातनंतर तुम्ही मोजत राहिलात ते नको लिहायला. उद्या तुम्हालाच विचारतील." मी ते ठेवायला सांगितले.

हा जबाब मला वाचून दाखवावा लागला नाही. मी स्वतः दोनदा वाचला. एका ठिकाणी "अचानक" हा शब्द आला होता, तो माझ्या सांगण्यावरून काढला आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. आठ, नऊ, दहा हे आकडेही मी म्हटले तसेच आहेत व ते बरोबर आहेत.

सही/-
कांता कोंडीराम पाष्टे