हो म्हणवून घ्यायचं नाही

—त्या बालदीवर नका बसू मॅडम, गाळाची आहे ती, कपडे जातील. या पेटीवर बसा. मी उभाच बरा. बसलो की पाठ टेकते, पाठ टेकली की नजर हटते, आणि नजर हटवायची नाही एवढंच तर माझं काम. टाकीच्या तोंडाशी उभं राहायचं, आतल्या माणसाशी बोलत राहायचं. लोकांना वाटतं, हा काय नुसता उभा असतो, फुकटचा पगार. वाटू दे. आतल्याशी बोलायचा तुमचा हा नवा संच मात्र झकास आहे हं, हलका आहे, गळ्यात आहे हे कळतसुद्धा नाही. जुन्याचं धूड केवढं — बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की आतला बोलणार. याचं बटण मेलं सापडत नव्हतं, मग हे कडेचं लागलं हाताला. हेच ना? — थांबा, थांबा, नंतर सांगा, दोन मिनिटं झाली. अरे ए — काल तुझ्या सासूने पलंगावर चादर कुठल्या रंगाची घातली? ... ऐकलंत? निळी म्हणाला, आणि तिला उशाशी भोक आहे म्हणाला. आहे खरं. लिहितो वहीत. अकरा सहा. निळी.

हसू नका, हीच पद्धत आहे. सबंध कारखान्यात हीच आहे, आणि ती माझी आहे — म्हणजे मी सुरू केलेली. आतल्या माणसाला 'ठीक आहेस ना' असं कधी विचारायचं नाही. का? कारण तो 'हो' म्हणतो. डोकं जड झालं तरी हो, हातातली खरवडणी गळून पडली तरी हो. हो म्हणायला शुद्ध लागत नाही मॅडम, सवय पुरते. म्हणून असं काहीतरी विचारायचं की ज्याला डोकं चालवावं लागेल. सकाळी काय खाल्लंस, तेराचा पाढा म्हण, मेव्हण्याच्या गाडीचा नंबर सांग. बरोबर आलं तर ठीक. चुकलं, अडखळलं, तर वर ओढायचं, मग तो कितीही शिव्या घालू दे. कॅन्टीनमध्ये पाटी बघितली असेल तुम्ही, 'हो म्हणवून घ्यायचं नाही', खाली माझा फोटो. फोटोत मी चोरासारखा दिसतो, ते सोडा.

आत जावई आहे माझा. एकुलत्या एका मुलीचा नवरा. काम चोख, हात हलका, पण घोरतो असा की वरच्या मजल्यावरून आमच्या खोलीत ऐकू येतं. बायको म्हणते, कापूस घाला कानात — आता हा आत एकटाच का हसला? खरवडताना हसण्यासारखं काय आहे तिथे? असो, हसतोय तोवर हवा चांगली आहे. मीटर बघतो. ठीक आहे, सगळे आकडे जागेवर. पंख्याचा पाइप जरा वळलाय, सरळ करतो. तुम्ही बोला, माझे कान मोकळे आहेत. काय? गळ्यात काय? ठीक आहे हो कॉलर माझी.

हां, तुमचा कागद. वाचला मी सकाळी, दोनदा वाचला. तीन टाक्यांमागे एक माणूस. तो तिकडे खोलीत बसणार, पडद्यासमोर, आणि तिन्ही संच ऐकणार. बाकीचे म्हणतात, काकांनी सही केली की आम्ही करतो, म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात, हे मला कळतं, मी काही कुक्कुलं बाळ नाही. पण मी सही नाही करणार. पडद्यासमोरचा माणूस हा दोर धरेल का? हा दोर बघा — एक झटका म्हणजे ठीक आहे, तीन म्हणजे वर घे. संच बंद पडतो, आवाज घुमतो, दोर कधी बंद पडत नाही. आणि तीन तोंडं एकाला? एका बाजूचं ऐकताना दुसरीकडे काय — थांबा. अरे, सकाळी डब्यात काय घातलं रे तिने? ... अंडं. आणि? ... आणि कालचाच भात. बरोबर. अकरा बारा. मध्ये दोन वेळा झालं विचारून, तुमचं लक्ष नव्हतं.

हो, त्या अपघाताबद्दल मलाच विचारा, मीच होतो ना. नऊ वर्षं झाली. या जावयाचाच बाप होता आत. माझा जोडीदार — बावीस वर्षं आम्ही दोघं, एक दिवस तो आत, एक दिवस मी आत. भांडायचो पण किती, दुपारच्या चहात साखर किती यावरून तीन दिवस अबोला. तर त्या दिवशी सकाळी हवा तपासली, चांगली निघाली. पण खालचा गाळ ढवळला की त्यातून निघतो वायू, तो सकाळी कसा दिसणार? मी विचारत होतो, ठीक आहेस ना, तो म्हणायचा हो. पाच वेळा. अकरा दहा ते अकरा अठरा, पाच वेळा हो, वहीत आहे. सहाव्यांदा हो आलं नाही. चौकशी झाली, मोठे साहेब आले, ते म्हणाले, बघा, वायू चढलेला माणूससुद्धा हो म्हणतो. तिथून ही पद्धत निघाली. नंतर दोन माणसं वाचली तिच्यामुळे, दोन. एकाने तेराचा पाढा चोवीसवरून सुरू केला, मी ओढला वर. त्याची आई अजून भेटली की हात धरते माझा.

काय म्हणालात? नाही, पुन्हा म्हणा, नीट म्हणा. 'तुम्ही तर तोंडाशीच होतात, दोर हातात होता, दर दोन मिनिटांनी विचारत होतात, तरी माणूस गेला — मग तोंडाशी माणूस ठेवून फायदा काय.' असं. बरोबर आहे. हिशोब अगदी बरोबर आहे तुमचा. माझ्याच वहीवरून माझंच काम काढून घ्यायचं. शिकलेली माणसं तुम्ही. नाही, रागावलो नाही. जरा फिरतो, पाय आखडलेत. अरे, ए, एकोणीस पंचे? ... पंच्याण्णव. आवाज बारीक झाला का हो याचा? मीटर तर ठीक दाखवतंय. दमला असेल.

मॅडम, मी नव्हतो तिथे. तेच सांगतोय, नव्हतो मी तोंडाशी. झालं तुमचं समाधान? माणूस उभा होता आणि तरी गेला असं नाही ते — माणूस उभाच नव्हता म्हणून गेला. फोन आत आणायची बंदी, मी बुटात लपवून आणला होता, कारण मुलीचा निकाल होता त्या दिवशी, नर्सिंगचा. वाजला. पंपाच्या खोलीमागे गेलो. म्हटलं, एक मिनिट. ती रडत होती, पास झाले म्हणून रडत होती, मग मीही रडलो, मग आईला दे म्हणालो, मग पेढ्यांचं काय — अकरा मिनिटं मॅडम. परत आलो तर दोर ताणलेला. तीन झटके दिले असतील का त्याने? किती वेळा दिले असतील? हा दोर मी रात्रंदिवस हातात घेऊन विचारतोय त्याला. आणि मग काय केलं सांगू? त्याला वर काढायला माणसं धावली, आणि मी वही घेतली आणि पाच वेळा लिहिलं, हो, हो, हो, हो, हो. अक्षर अगदी नीट आलं. त्याच्या तोंडचे पाच होकार माझे आहेत सगळे. पद्धत चांगली आहे, खोटी नाही, माणसं वाचतात तिने — पण ती निघाली माझ्या थापेतून.

सांगायचं होतं हो. दहाव्याला सांगणार होतो. तर हा पोरगा माझ्या गळ्यात पडला, म्हणाला, काका, शेवटपर्यंत तुम्ही बोलत होतात त्यांच्याशी, एकटे नव्हते ना ते. मी काय म्हणणार होतो त्याला? मग लग्न ठरलं या दोघांचं, मग तर तोंडच शिवलं. आणि मुलीला तरी काय सांगू, तुझा फोन आला आणि तुझा सासरा गेला? तिचा काय दोष, ती बिचारी पास झाली होती. पण बघा, माणूस तोंडाशी हवा, एवढं तरी पटलं ना आता? बास. हे तुमच्या-माझ्यात. कागदात नका घालू. त्याला कळलं तर तो घरात राहणार नाही, आणि त्याच्यामागे ती — किती वाजले? अकरा चोवीस. अरे देवा, एक वेळ चुकली माझी. अरे ए, काल आपण दुकानातून काय आणलं? ... अरे, काल दुकानातून काय — ... ऐक ना. तेराचा पाढा म्हण. खरवडण्याचा आवाज पण थांबलाय. मॅडम, सरका, त्याला वर ओढायच्या चरखीपाशी जाऊ द्या मला —

थांबा. झटका आला. एकच. एक म्हणजे ठीक आहे. मीटरही ठीक आहे. मग बोलत का नाही हा? काय, काय दाखवताय? हा हिरवा दिवा? तो सकाळपासूनच लागलेला आहे. म्हणजे काय, बटण नाहीच? मी दाबत होतो ते काय होतं मग? आवाज कमी-जास्त करायचं. आणि हा चालूच असतो. सतत. म्हणजे घोरण्याचं — म्हणून हसला तो. आणि तुम्ही मघापासून गळ्याकडे बोट —

बाळा. ऐकलंस?

...

हो म्हणाला.

तीन झटके आले, बघा. वर यायचंय त्याला. तुम्ही जा मॅडम, तो कागद घ्या तुमचा आणि जा. नाही, चरखीला हात नका लावू. त्याला वर मीच घेणार.