नाकाला सात पट्ट्या

आणि एकट्या नाकाला सात पट्ट्या आहेत, तुम्हाला सांगतो. लांबी, रुंदी, उंची, शेंडा, नाकपुड्या, मधला उंचवटा, आणि सातवीचं नाव नुसतं 'कल'. कसला कल? चौऱ्याहत्तर वर्षं हे नाक घेऊन वावरतोय, त्याचा कल कुठे आहे हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि एके दिवशी टीव्हीच्या पडद्यावर एक बिनचेहऱ्याचा माणूस गोल गोल फिरतोय, वाट बघतोय की मी पट्ट्या सरकवून त्याला नाक देईन. दिलं. तर खाली पाटी येते... 'एकदा ठरवलं की नंतर बदलता येणार नाही. नक्की?' आणि मी 'नाही' दाबतो. बोट आपोआप जातं हो. त्या 'नक्की'पुढे प्रश्नचिन्ह आहे ना, ते मला बघवत नाही.

नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला या वयात व्हिडिओ गेमचं काय खूळ. खूळ नाही. माझी नात नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. आमच्याच घरात वाढलेली पोर. गेली, आणि फोनवर आमचं बोलणं कसं झालं माहितीये? 'जेवलात का आजोबा?' 'जेवलो. तू?' 'जेवले.' मग शांतता. मग दोघंही एकदमच 'बरं' म्हणतो आणि ठेवतो. तर तोडगा तिनेच काढला. माझ्यासाठी गेमचं यंत्र पाठवलं, आजीसाठी तिचा जुना कॉम्प्युटर घरात होताच. म्हणाली, 'रविवारी चार ते सहा आपली तिघांची टोळी. गावातल्या विहिरीजवळ भेटायचं, डोंगरापलीकडे चालत जायचं, वाटेत गप्पा मारायच्या.' किती साधं. विहिरीजवळ भेटायचं. तीन रविवार ती पोर त्या विहिरीजवळ उभी राहिली.

आता या गेममध्ये शिरताना दारातच प्रश्न. नायक तयार घेणार की स्वतः घडवणार? तयार म्हणजे नाव, घराणं, आवाज, दुःख सगळं आधीच ठरलेलं, आपण फक्त चालवायचं. स्वतःचा म्हणजे पाटी कोरी. ही म्हणाली, ही म्हणजे आमची मंडळी, 'अहो, तयार घ्या. तुम्हाला तयार शर्ट घ्यायला दोन तास लागतात, शिवायला टाकलात तर झालंच.' पटलं. घेतला तयार. हद्दपार सेनापती. गालावर व्रण, घशात वाळू भरल्यासारखा आवाज, आणि भावावर सूड उगवायचाय. बरं, उगव बाबा, मला फक्त विहिरीपर्यंत जायचंय. वाटेत खाणावळ लागली. मालकाला वाट विचारायची होती. पडद्यावर तीन पर्याय आले, मी तिन्ही दोनदा वाचले आणि 'नम्रपणे विचारा' दाबलं. तर या इसमाने टेबलावर पाय ठेवला, मालकाची कॉलर धरली आणि म्हणाला, 'वाट सांग, नाहीतर दात मोजायला लाग.' हे नम्र? मग याचं उद्धट काय असेल?

अहो, चौतीस वर्षं कॉलेजात शिकवलं मी. शिपायाकडे खडू मागतानासुद्धा 'तुम्हाला वेळ असेल तर' अशी सुरुवात केली. आणि माझ्या अंगठ्याने एका गरीब खाणावळवाल्याची कॉलर धरावी? मी माफी मागायचा पर्याय शोधला. नव्हता. म्हटलं, बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ, निदान नीट बोलू. आत गेलो तर मालक टेबलाखाली. यंत्र बंद केलं. पहिला रविवार गेला.

नात फोनवर म्हणाली, 'आजोबा, तो त्याचा स्वभाव आहे. दोन तास तुम्ही तुम्ही नसता, मजा असते ती.' म्हटलं, 'पण बटण मी दाबलं ना? जबाबदारी कुणाची?' ती म्हणाली, 'मग स्वतःचा बनवा. सावकाश बनवा.'

सावकाश हा शब्द तिने वापरायला नको होता.

ही आपली चार मिनिटांत तयार. मी चष्मा पुसेपर्यंत. साडेसात फूट उंच, डोक्याला शिंगं, हिरवे केस, हातात काटेरी सोटा. म्हटलं, 'अगं, तू अशी आहेस का?' 'नाही ना, म्हणूनच.' 'आणि नाव?' 'गडगडी.' 'अगं, नंतर बदलता येणार नाही.' म्हणाली, 'तुम्हालाही नाही बदलता आलं. सत्तेचाळीस वर्षं चालवून घेतलंच ना?'

आणि माझा विषय कोणता होता, विचारा. निर्णयशास्त्र. माणूस अनेक पर्यायांतून एक कसा निवडतो, यावर सहाशे बारा पानांचा प्रबंध आहे माझा. नऊ वर्षं लागली. त्यातली दोन शीर्षकाला.

म्हटलं, शास्त्रशुद्ध करू. हा माणूस माझ्या वतीने बोलणार, तर तो मीच असला पाहिजे. पासपोर्टचा फोटो पडद्याशेजारी चिकटवला. फूटपट्टीने नाक मोजलं. सलूनवाल्याकडे गेलो, तो वीस वर्षं माझं डोकं चारी बाजूंनी बघतोय. म्हटलं, 'माझे कान कसे आहेत हो?' त्याची कात्री थांबली. 'सर, खरं सांगू? डावा जरा वर आहे. मी इतकी वर्षं केसांत सांभाळून घेतोय.' आता बोला. वीस वर्षं एक माणूस माझा कान झाकतोय आणि मला पत्ता नाही. तरीच तो डाव्या बाजूला मशीन लावत नव्हता. घरी आलो, पडद्यावर कान वर केला. 'नक्की?' नाही.

मग गुण. चेहरा झाला की तीस गुण मिळतात, ते ताकद, बुद्धी, धैर्य असे वाटायचे. आता स्वतःचा पेपर स्वतः तपासणं कुठल्या नीतीत बसतं? म्हणून प्रश्नावली काढली. दोन पानी, छापील. मुलाचा मेसेज आला, 'बाबा, मीटिंगमध्ये आहे, सगळ्याला पाच धरा.' सलूनवाल्याने सगळ्याला दहा दिले, गिऱ्हाईक तुटायला नको. आणि हिने मात्र पेन घेऊन, टेबलाशी बसून भरली. ताकद तीन. बुद्धी नऊ, पुढे कंसात 'कागदावर'. धैर्याच्या रकान्यात आकडाच नाही. लिहिलंय, 'प्रसंग कुठे आला?'

चिडायला हवं होतं मी. पण बसून राहिलो. खरंच, कुठे आला? विभागप्रमुख व्हाल का म्हणून कॉलेजने विचारलं होतं, मी म्हणालो, कळवतो. अजून कळवायचंय.

दुसरा रविवार हनुवटीत गेला, तिसरा भुवयांत. आणि बुधवारी नातीचा फोन. 'जेवलात का?' 'जेवलो.' मग म्हणाली, 'आजोबा, टोळी तिघांचीच असते. तुम्हाला जमत नसेल तर या रविवारी तुमची जागा ऑफिसातल्या एकाला देते. आजी थांबून थांबून कंटाळते. राग नाही हं.' राग नाही. राग असता तर समजूत काढली असती हो, राग नाही याचं काय करायचं माणसाने? याच पोरीला सायकल शिकवताना मी म्हणायचो, सोडतो हं, सोडतो हं, आणि सोडायचोच नाही. शेवटी तीच वैतागून म्हणाली होती, 'आजोबा, सोडा ना आता.'

तर रविवार. पावणेचार. पडद्यावर हुबेहूब मी. टक्कल, पाठीला बाक, डावा कान वर. 'नक्की?' अंगठा निघाला 'नाही'कडे. तेवढ्यात आतल्या खोलीतून ही, 'अहो, ती आलीये विहिरीवर. आणि तो ऑफिसवालाही तयार बसलाय.' मी डोळे मिटले आणि 'हो' दाबलं. सहाशे बारा पानांत डोळे मिटण्याचा उल्लेख नाही.

विहीर दिसली. निळ्या झग्यात नात, पाठीला धनुष्य, शेजारी शिंगं घेऊन ही. मी माझ्या तीन गुणांच्या ताकदीने पळत पोचलो. बोलायला गेलो, तर माझा माइक बंद, तो कुठे चालू करतात देव जाणे. मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. नात माझ्याजवळ आली, मला न्याहाळलं आणि म्हणाली, 'आजी, हा गावकरी काहीच बोलत नाहीये. नुसता शोभेचा दिसतोय.'

गावकरी. अहो, त्या गेममध्ये रस्त्यारस्त्यावर असे बाकदार टकले म्हातारे पेरून ठेवलेत, मागे गर्दी दिसावी म्हणून. मी इतका तंतोतंत झालो की त्यांच्यातच जमा झालो. उड्या मारल्या. 'बघ आजी, बिघडलाय.' आणि ही, जिने माझ्याबरोबर एका छपराखाली जन्म काढला, ती माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणते, 'कान वाकडा बसलाय गं. घाईत केलेला दिसतोय.'

घाईत. मी जोरात हाक मारली, पण हिच्या कानांवर हेडफोन. उठून सांगायला जावं तर तेवढ्यात जागा जायची. आणि त्या निघाल्या फाटकाकडे, नात म्हणतेय, 'चल, त्या ऑफिसवाल्याला बोलावते.' मी मागोमाग. ही शिंगं खाली घालून फाटकातून सरळ पार. मी पोचलो, तर पाटी आली. 'फाटक ओलांडलं की आज गावात परतता येणार नाही. नक्की?'

मी एक पाऊल पुढे टाकलं. मागे घेतलं. पुढे... मागे. किती वेळ, कुणास ठाऊक. नात तिथेच उभी राहून त्या ऑफिसवाल्याला निरोप टाइप करत होती, टकटक ऐकू येत होती. ती थांबली.

'आजोबा?'

मी पुन्हा एक पाऊल पुढे, एक मागे.

'आजोबा, तुम्हीच आहात ना? फाटकापाशी इतका विचार दुसरं कोण करणार?' मग हळूच, 'या. सोडा ना आता.'

गेलो. तिने मला माइक चालू करायला शिकवलं, आणि दोन तास चाललो आम्ही. काय बोललो? विशेष काही नाही. तिच्या साहेबाच्या घोरण्याबद्दल, तो भर बैठकीत झोपतो, आणि तिच्या खोलीतल्या गळक्या नळाबद्दल. जेवलात का, हे कुणीच विचारलं नाही.

इथे खरं म्हणजे संपायला हवं होतं. पण जाता जाता ती म्हणाली, 'आजोबा, तो कान नको असेल तर गावातल्या पहिल्या घरात आरसा आहे. सगळं बदलता येतं, हवं तितक्या वेळा.' म्हटलं, 'आणि ती पाटी? नंतर बदलता येणार नाही?' 'ती जुनी आहे हो. काढायची राहिलीये त्यांची.'

तर आज रविवार. सव्वाचार झालेत. त्या दोघी फाटकाशी थांबल्यात आणि मी आरशासमोर. कान खाली घेतला, मग वाटलं, नको, तिने याच अवतारात ओळखलं, पुन्हा वर केला. म्हटलं, असू दे असाच, काही बदलायचं नाही, जातो. तर आरसा विचारतोय... 'नक्की?'