आबांना पावलेली देवी

माझ्या बापाला, म्हणजे आबांना, देवी पावली हे तुम्ही ऐकलं असेल. कशी पावली ते माझ्याकडून ऐका. हैदराबादचं कॉलेज सोडताना मी बाटलीतून एक बुरशी आमच्या गावी, बोरीला, आणली होती. कोंड्याच्या पाण्यात ती आंबवली, की त्या पाण्यानं रोपं झपाट्यानं उंच होतात. गाडग्यात ती वाढवली आणि नवरात्रात गाळलेलं पाणी घटाच्या अर्ध्याच धानाला घातलं. तेवढंच धान दुप्पट वाढलं.

दसऱ्याला आबा ते उंच तुरे पटक्यात खोवून गावभर फिरले. "देवी लय खूष हाय आमच्यावर."

घरी आल्यावर मी म्हणालो, "देवी न्हाई आबा, माझी बुरशी. आता शेतात घालून बघू."

"घटाला नासकं पाणी घातलंस?"

"घातलं."

"कुणाला बोललास?"

"अजून न्हाई."

"मग बोलू नगंस."

त्यांनी गाडगं उकिरड्यावर फोडलं आणि वर निखारे ओतले. बाटली कधीच रिकामी झाली होती, आणि कॉलेज सोडलेल्या मला तिथं पुन्हा बुरशी मागायला कुणी दारात उभं करणार नव्हतं. माय घरात गोमूत्र शिंपडत होती. आबांनी पटक्यातले तुरे मात्र काढले नाहीत. ते तसेच सोनं वाटायला गेले, आणि अख्खा गाव त्यांच्या पाया पडला.