शुक्रवारची पाहुणी

हॅलो?… हां ताई, बोल. हळू बोल गं, जिन्यात उभी आहे… सिदी इफ्नीतच. हॉटेलच्या नाही, तामू मावशीच्या जिन्यात… अगं ऐक ना! भेटायला नाही आले. जेवायला आलेय… हो, फरक आहे. ऐक तरी.

काल आलो आम्ही. मी, सलवा आणि इल्हाम. उतरलो हॉटेलात… माहीत आहे ताई, मावशीच्या गावात हॉटेल! नंतर ओरड. पण ऑफिसात सलवाला मी सांगून बसलेय ना, माझी मावशी स्पेनला असते म्हणून… का म्हणजे? तिची फ्रान्सला असते म्हणून!

मग आज सकाळी त्यांना स्पॅनिश लोकांच्या जुन्या इमारती बघायच्या होत्या. चौकात पोचलो तर मावशी हातगाडी लावून निवडुंगाची बोंडं सोलून विकतेय… हो, तीच निळी मलहफा अंगभर लपेटून. इल्हाम म्हणते, "कित्ती अस्सल आहे ही बाई! हिच्यासोबत आमचा फोटो काढ."… काढला. मीच… दे, शिव्या दे. मावशीनं सरळ माझ्याकडे बघितलं, डोक्यावरचा पदर नीट केला नि हसली… ओळखलं का काय विचारतेस? न्हाऊमाखू घातलंय तिनं मला!… नाही, मी ओळख दाखवली नाही, म्हणून तिनंही नाही. त्यांनाच म्हणाली, "पोरींनो, आज शुक्रवार, घरोघरी कुसकुस शिजतो. परक्या गावात कुसकुस कुठे खाणार? घरी चला."… मी नको नको म्हणतेय, तोवर सलवा गाडी ढकलायला लागलीसुद्धा!

थांब, खरं पुढेच आहे. दारात मावशी म्हणाली, "जरा थांबा हं, पसारा आवरते." आत गेलो तर घर नेहमीसारखं लख्ख. फक्त भिंतीवरचा माझा पदवीचा फोटो नाही… अगं, काढला तिनं! खिळा आहे, खाली चौकोनी डाग आहे… माझ्यासाठी, ताई. मी मैत्रिणींपुढे खोटी पडू नये म्हणून… नाही, रडत नाहीये… बरं, रडतेय.

सांगू?… सांगतेच. फोन ठेवू नकोस हं, आत जाते… सलवा, इल्हाम, ऐका. ह्या मावशी… ही माझी मावशी आहे. खरी. आईची सख्खी बहीण…

ताई? ऐकलंस? मावशी त्यांना सांगतेय, "पोरगी गुणाची आहे हो, पण ऊन लागलंय तिला, दिसेल तिला मावशी म्हणतेय." ऊन! सकाळपासून धुकं आहे इथे… हसतायत दोघी. मला हाताला धरून बसवलं, आणि पाहुणीपुढे सरकवतात तसं कुसकुसवरचं मांस माझ्यापुढे सरकवतेय… नाही गं, माझं नाही ऐकणार ती आता. तू बोल… मावशी, हा घे. मिलूदाताई आहे… तुझी थोरली भाची… हात खरकटे असू देत गं. घे ना.