एकट्याचं काम

बायको: म्हणजे मी इथे पायरीवर नुसती बसून राहू?

नवरा: नुसती. पेडलला पाय नाही, पान्याला हात नाही आणि तोंड तर उघडायचंच नाही. मागच्या वेळी मी ‘धर’ म्हणालो आणि तू पाय सोडून फोन घ्यायला गेलीस. गाडीच्या ब्रेकच्या पाइपातून काढलेली हवा सगळी परत आत.

बायको: फोन तुमच्या आईंचा होता.

नवरा: म्हणून या वेळी एकट्याचं काम. ही माशांच्या टाकीची नळी. एक टोक चाकापाशी, दुसरं बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. मी आत जाऊन पेडल दाबायचं, हवा बुडबुड करत बाटलीत. मदतनीस नको, कटकट नको.

बायको: आणि मासे?

नवरा: मासे धरतील तासभर दम.

बायको: त्यापेक्षा गॅरेजमध्ये...

नवरा: तोंड.

बायको: बरं.

नवरा: आत-बाहेर करून गुडघे गेले माझे. पण बुडबुडे कमी झाले की नाही? नुसती मान हलव. हं. आता हे शेवटचं चाक. अरे, पेडल एकदम मऊ कसं लागतंय? पाय थेट तळाला जातोय.

बायको: आता बोलू?

नवरा: बोल.

बायको: बॉनेटखालची ती तेलाची छोटी टाकी रिकामी झालीय.

नवरा: कधी?

बायको: तुम्ही पलीकडच्या चाकाशी होतात तेव्हाच. मी दोनदा खाकरले.

नवरा: मला वाटलं, घसा धरलाय तुझा. अगं, वरूनच हवा आत गेली की. आता चारही चाकं पहिल्यापासून.

बायको: बोट दाखवलं, तर तुम्ही म्हणालात, नुसती मान हलव.

नवरा: चुकलो. ऊठ, त्या टाकीपाशी उभी राहा. तेल खाली गेलं की भर. आणि बोल.

बायको: काय बोलू? उतारावर ब्रेक लागला नाही, शेजाऱ्यांच्या फाटकाला जाऊन धडकलो, तेव्हाच ठरवलं मी, या गाडीत पुन्हा बसायचं नाही.

नवरा: माहितेय. तेव्हापासून बाजाराच्या पिशव्या ओढत चालत येतेस. ते बघवत नाही मला.

बायको: मग गॅरेजवाल्याला का नाही दिली?

नवरा: त्याच्या भरवशावर बसली असतीस तू. मला तू माझ्या भरवशावर बसायला हवी आहेस.

बायको: आधी खाली बघा. बाटली कलंडतेय.

(बऱ्याच वेळानं. चारही चाकं जागेवर.)

नवरा: पेडल आता दगडासारखं लागतंय. तू दारात थांब. मी उतारावर एक चक्कर मारून येतो.

बायको: आणि नाही लागला ब्रेक तर?

नवरा: पहिल्या गिअरमध्येच नेणार. फार तर कुणाचं तरी कुंपण जाईल.

बायको: माझ्या बाजूचं दार उघडा.

नवरा: तू बसणार नव्हतीस ना?

बायको: नव्हतेच. पण तुम्ही एकटे जाणार आणि मी इथे उभी राहून आवाज कधी येतोय ते ऐकणार, त्यापेक्षा आत बसून घाबरलेलं बरं.

नवरा: हळू नेतो.